स्क्रिप्ट चालवू द्यायची, पण वाचू द्यायची नाही : हे कितपत जमतं?

पारवा

मंडळी, ऑटोमेशनची छोटी-मोठी कामं करून देणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. उत्तरं मात्र इकडेतिकडे विखुरलेली आहेत, म्हणून वेगळा धागा काढतोय.

एका ग्राहकाचं काम चालू आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिला बॅशचा (लिनक्सच्या आज्ञा चालवणाऱ्या शेलचा) : रात्री डेटाबेसचा बॅकअप घ्यायचा, जुने लॉग आवरायचे, डिस्क भरत आली की मेल पाठवायचा. दुसरा पायथनचा : दोन वेगळ्या सिस्टिममधून आलेल्या नोंदी ताडून बघायच्या आणि ज्या जुळत नाहीत त्या का जुळत नाहीत ते सांगायचं. या दुसऱ्या भागातले नियम बसवताना भरपूर डोकं घालावं लागलंय. नावांची स्पेलिंगं वेगळी, तारखा एखाद्या दिवसाने पुढेमागे, एकच रक्कम दोन नोंदींत फोडलेली, अशा सगळ्या भानगडी त्यात सोडवल्या आहेत.

हे सगळं ग्राहकाच्या सर्व्हरवर बसणार आणि रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, अर्थातच त्यांच्या हातात. त्यांनी ते हवं तितकं वापरावं, पण आतला कोड उघडून वाचू नये आणि उचलून तिसऱ्याला देऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

शोधाशोध केल्यावर जे उपाय सापडले ते असे : बेस-६४ (मजकूर अक्षरांच्या सांकेतिक रूपात) करून इव्हॅलने (मजकूर आज्ञा म्हणून चालवणाऱ्या आज्ञेने) चालवा, एसएचसी या साधनाने बायनरी (थेट चालणारी फाइल) करा, पायथनच्या पायइन्स्टॉलरने एकच फाइल करा. यातलं खरंच टिकणारं काय? दुसऱ्याचं काम न विचारता उचलणं मला मनापासून खटकतं, त्यामुळे 'जाऊ द्या, कोण बघतंय' हे उत्तर नकोय. पण खोटा दिलासाही नकोय.

औदुंबर
*आधी कर्नल काय करतो ते बघू*

चांगला विषय. उपायांकडे जाण्याआधी स्क्रिप्ट चालते म्हणजे नेमकं काय होतं ते बघितलं, तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत शिबँग असतो, म्हणजे इंटरप्रिटरचा (स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचा) पत्ता. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तेवढी ओळ वाचतो, बॅश किंवा पायथन सुरू करतो आणि तुमच्या फाइलचं नाव त्याच्या हवाली करून मोकळा होतो. पुढे ती फाइल बॅश स्वतः उघडतो आणि वाचतो, आणि तेही ज्याने स्क्रिप्ट चालवली त्याच्याच अधिकारात. म्हणजे चालवणाऱ्याला फाइल वाचायची परवानगी नसेल तर बॅशलाही ती वाचता येणार नाही.

सी-मध्ये लिहून कंपाइल केलेल्या प्रोग्रामचं तसं नाही. त्याला ७११ परवानगी (मालकाला सगळं, बाकीच्यांना फक्त चालवणं) दिली तरी तो बाकीच्यांना चालवता येतो, फक्त वाचता येत नाही, कारण तिथे फाइल मेमरीत आणायचं काम खुद्द कर्नल करतो. हीच ७११ परवानगी स्क्रिप्टला देऊन बघा, 'परमिशन डिनाइड' येईल. स्क्रिप्टला वाचायची आणि चालवायची अशा दोन्ही परवानग्या लागतात.

काही जण इथे सेटयूआयडीकडे, म्हणजे फाइल तिच्या मालकाच्या अधिकारात चालवणाऱ्या खुणेकडे, वळतात. लिनक्स स्क्रिप्टवरचा सेटयूआयडी बिट सरळ दुर्लक्षित करतो. कर्नलने शिबँग वाचल्यापासून इंटरप्रिटरने फाइल उघडेपर्यंतच्या क्षणात मधल्या मधे फाइल बदलून टाकता येते, हे त्यामागचं जुनं कारण.

म्हणजे ज्या मशीनवर स्क्रिप्ट चालते त्या मशीनला ती वाचता यावीच लागते. आणि ते मशीन ज्याच्या ताब्यात आहे, त्याने मनावर घेतलं तर त्यालाही. पुढची सगळी चर्चा ही गोष्ट धरून व्हावी असं मला वाटतं.

चकवाचांदण

औदुंबर यांच्याशी सहमत. फक्त एक भर घालते. मशीन तुमचंच असेल आणि वापरणारे साधे वापरकर्ते असतील, तर या प्रश्नाला चोख उत्तर आहे. स्क्रिप्टची मालकी एका वेगळ्या खात्याकडे ठेवा, परवानगी ७०० (फक्त मालकाला), आणि सुडूच्या (दुसऱ्या खात्याच्या अधिकारात आज्ञा चालवू देणाऱ्या सोयीच्या) नियमांत लिहा की अमुक गटातल्या लोकांना फक्त ही एकच आज्ञा त्या खात्याच्या नावाने चालवता येईल. लोक स्क्रिप्ट चालवतील, पण कॅट करायला, म्हणजे मजकूर बघायला, गेले तर नकार मिळेल.

काळजी तीन-चार ठिकाणी घ्यावी लागते. नियमात पूर्ण पाथ द्या. ज्या फोल्डरमध्ये स्क्रिप्ट आहे तिथे इतरांना लिहिता येता कामा नये, नाहीतर फाइल बाजूला सारून दुसरी ठेवता येते. स्क्रिप्ट मधेच एखादा एडिटर किंवा लेस (मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्राम) उघडत असेल तर तिथून शेल सुरू करता येतं, म्हणजे सगळं मुसळ केरात. आणि स्क्रिप्ट पासवर्ड एखाद्या आज्ञेला आर्ग्युमेंट म्हणून देत असेल तर तो पीएसमध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) सगळ्यांना दिसतो. त्यासाठी प्रॉक फाइल सिस्टिम (चालू प्रोसेसची माहिती दाखवणारी) हाइडपिड या, इतरांच्या प्रोसेस लपवणाऱ्या, पर्यायाने माउंट करता येते, पण मुळात पासवर्ड आर्ग्युमेंटमध्ये न देणं उत्तम.

पारवा

चकवाचांदण, हे फार उपयोगी आहे, दुसऱ्या एका कामात लगेच वापरणार. इथे मात्र रूट त्यांच्याकडे आहे, म्हणजे ७०० असो की ०००, त्यांना सगळं दिसणार. एसएचसीचा कुणाला अनुभव?

बोरूबहाद्दर
*एसएचसीबद्दल सविस्तर*

आहे, म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो. नावावरून वाटतं की हे शेल स्क्रिप्टचं कंपायलर आहे. तसं ते नाही. ते तुमची स्क्रिप्ट आरसी-४ या पद्धतीने एन्क्रिप्ट करतं, तो मजकूर सी-च्या एका प्रोग्राममध्ये डेटा म्हणून भरतं आणि तो प्रोग्राम कंपाइल करतं. बायनरी चालवली की ती आपल्या पोटातली स्क्रिप्ट डिक्रिप्ट करते आणि नेहमीच्याच शेलला 'सी' पर्यायाने चालवायला देते. म्हणजे शेल त्या मशीनवर असावं लागतंच, वेग वाढत नाही, आणि डिक्रिप्ट करायची किल्ली त्याच बायनरीत असते.

याचा परिणाम काय, तर डिक्रिप्ट झालेली सबंध स्क्रिप्ट शेलच्या आर्ग्युमेंटमध्ये जाते. पीएसच्या साध्या यादीत ती दिसू नये म्हणून आधी भरपूर मोकळ्या जागा भरलेल्या असतात. पण प्रॉकमध्ये त्या प्रोसेसची सीएमडीलाइन नावाची फाइल उघडली की त्या जागांच्या पुढे अख्खा मजकूर दिसतो, टिप्पण्यांसकट. एसट्रेस (प्रोग्राम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारं साधन) लावला तर एक्झेक कॉलमध्येच, म्हणजे नवा प्रोग्राम सुरू करायच्या मागणीतच, तो पकडता येतो. आर्ग्युमेंटच्या लांबीला ऑपरेटिंग सिस्टिमची मर्यादा असल्यामुळे मोठी स्क्रिप्ट चालतच नाही, ही अडचण वेगळीच. नव्या आवृत्त्यांमध्ये हार्डनिंगचा पर्याय आला आहे, पण मूळ रचना तीच. डिक्रिप्शन आपोआप करणारी अनएसएचसी नावाची स्क्रिप्टही उघडपणे उपलब्ध आहे.

बॅशच्या बाबतीत तर याहून सोपी वाट आहे. बॅश सुरू होताना वातावरणातलं (एन्व्हायरन्मेंटमधलं) शेलऑप्ट्स हे व्हेरिएबल वाचतो आणि त्यातले पर्याय चालू करतो. त्यात एक्सट्रेस लिहिलं असेल तर बॅश चालवलेली प्रत्येक आज्ञा, व्हेरिएबलच्या किमती घालून, पडद्यावर छापत जातो. कोड वाचायचीही गरज उरत नाही.

बेस-६४ आणि इव्हॅलबद्दल एकच वाक्य : इव्हॅलच्या जागी इको लिहिलं की संपलं.

एसएचसीमध्ये मुदत संपायची तारीख घालता येते. चाचणीपुरती प्रत द्यायची असेल तर ती सोय बरी आहे. पण बॅकअपच्या स्क्रिप्टसाठी हा खटाटोप करू नका, असं कळकळीने सांगतो. बॅकअप अडला तर ग्राहकाच्या माणसाला मध्यरात्री ती स्क्रिप्ट उघडून बघता आली पाहिजे.

शून्यावकाश

मला थोडं वेगळं मांडायचंय. तुम्ही सगळे 'रूट असलेला, एसट्रेस येणारा, हट्टाला पेटलेला माणूस' समोर धरताय. प्रत्यक्षात ग्राहकाकडचा माणूस बहुतेक वेळा आपल्या कामात बुडालेला असतो. त्याला साधी टेक्स्ट फाइल दिसली तर तो सहज उघडतो, एखादी ओळ बदलतो, आणि मग 'तुमची स्क्रिप्ट बिघडली' म्हणून फोन करतो. बायनरी दिसली तर हात लावत नाही. माझा अनुभव असा की चोरीपेक्षा ही परस्पर केलेली डागडुजी जास्त त्रास देते. तेवढ्यापुरतं आवरण पुरेसं आहे, आणि त्याला 'निरुपयोगी' म्हणणं मला पटत नाही.

बोरूबहाद्दर

शून्यावकाश, मुद्दा रास्त आहे, पण त्यासाठी लपवायची गरजच नाही. फाइलचा शा-२५६ हॅश (मजकूर बदलला की बदलणारा ठसा) काढून डिलिव्हरीच्या पत्रात लिहून द्या. तक्रार आली की पहिल्यांदा हॅश ताडा. जुळला नाही तर फाइल बदलली आहे हे दोघांनाही दिसतं, आणि वाद तिथेच मिटतो.

रातराणी
*पायथनचा भाग*

पायथनबद्दल मी लिहिते, कारण तिथे गैरसमज जास्त आहेत.

पीवायसी फाइल म्हणजे बाइटकोड, पायथनने कोडचं केलेलं मधलं रूप. ३.७ पासून तिच्या सुरुवातीला १६ बाइटचं हेडर असतं आणि पुढे मार्शल केलेला (बाइटमध्ये साठवलेला) कोड ऑब्जेक्ट. हेडर सोडून बाकीचं मार्शलने उघडायचं आणि डिस या पायथनच्याच मॉड्यूलला द्यायचं, एवढ्यावर सगळ्या सूचना ओळीने दिसतात. फंक्शनची नावं, व्हेरिएबलची नावं, डॉकस्ट्रिंग सगळं शाबूत. पारवा, तुमच्या कोडमध्ये 'रक्कम फोडलेली असेल तर जोडून बघ' अशा अर्थाचं फंक्शनचं नाव असेल तर ते जसंच्या तसं दिसेल. अनकंपाइल-६, पीवायसीडीसी असे डीकंपायलर मूळ कोडच्या बरंच जवळ नेतात. अगदी नव्या पायथनवर ते अडखळतात, पण त्याच आवृत्तीच्या पायथनमधला डिस अडखळत नाही.

पायइन्स्टॉलर काही लपवत नाही. तो इंटरप्रिटर, लायब्ररी आणि तुमच्या पीवायसी एकत्र बांधतो, आणि ते गाठोडं सोडवणारी साधनं सर्रास मिळतात. पूर्वी त्यात बाइटकोड एईएसने एन्क्रिप्ट करायचा पर्याय होता. २०२३ साली आलेल्या ६.० आवृत्तीत तो काढूनच टाकला. किल्ली त्याच गाठोड्यात ठेवावी लागत असल्यामुळे त्या एन्क्रिप्शनला अर्थच नव्हता.

ड्रॉपबॉक्सचं उदाहरण बघण्यासारखं आहे. त्यांचा क्लायंट पायथनमध्ये होता. त्यांनी इंटरप्रिटरच बदलला, ऑपकोडचे (बाइटकोडमधल्या सूचनांचे) आकडे उलटसुलट केले, बाइटकोड एन्क्रिप्ट केला. २०१३ मध्ये दोन संशोधकांनी यूझनिक्स या संघटनेच्या वूट या सुरक्षाविषयक कार्यशाळेत तो कसा उलगडला हे जाहीर मांडलं. एवढी मोठी कंपनी स्वतःचा इंटरप्रिटर बांधूनही ते थांबवू शकली नाही.

त्यातल्या त्यात जड जाणारा उपाय म्हणजे सायथन किंवा न्यूइट्का. हे दोन्ही कोडचं रूपांतर सी-मध्ये करून तो कंपाइल करतात, त्यामुळे बाइटकोड उरतच नाही आणि डीकंपाइल करून पायथन परत मिळवणं खरोखर कष्टाचं होतं. पण 'स्ट्रिंग्ज' ही आज्ञा चालवून बघा : एरर मेसेज, एसक्यूएल क्वेरी, यूआरएल, सगळं वाचता येतं. सायथन वापरणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. मधे तयार होणाऱ्या सी फाइलमध्ये तुमच्या पायथनच्या मूळ ओळी टिप्पण्या म्हणून उतरवलेल्या असतात. पॅकेज बनवताना ती फाइल चुकून सोबत गेली तर सगळा खटाटोप वाया.

आणखी एक. तुमचा प्रोग्राम त्यांच्या डेटाबेसशी बोलतो ना? मग क्वेरी लॉग चालू केला की तुम्ही काय विचारता, कोणत्या क्रमाने विचारता, सगळं त्यांच्या लॉगमध्ये उतरतं. नियम क्वेरीत असतील तर बायनरी कितीही पक्की असली तरी ते उघडेच आहेत.

पारवा

रातराणी, शेवटचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. ताडून बघायचे बरेचसे नियम क्वेरीतच आहेत. धन्यवाद.

मुक्तछंद

वेबवाल्यांच्या बाजूने थोडं. ब्राउझरमध्ये जाणारं जावास्क्रिप्ट लपत नाही, हे धरूनच चाला. राइट-क्लिक बंद करणाऱ्या स्क्रिप्टा वापरणाऱ्याला त्रास देतात, बाकी काही नाही. मिनिफाय (मोकळ्या जागा काढून कोड आखूड) जरूर करा, पण ते वजन कमी करण्यासाठी. ऑबफस्केटरने (कोड मुद्दाम किचकट करणाऱ्या साधनाने) कोड फुगतो, हळू होतो आणि एरर आली की स्टॅक ट्रेसवरून काहीच उमगत नाही.

बऱ्याचदा मात्र कोड कुणी फोडत नाही, आपणच देऊन टाकतो. मिनिफाय केलेल्या फाइलच्या शेजारी सोर्स मॅप (मूळ कोडशी दुवा जोडणारी फाइल) राहून जातो, आणि त्यातल्या सोर्सेस-कंटेंट या भागात मूळ फाइली टिप्पण्यांसकट जशाच्या तशा असू शकतात. पीएचपीचंही तसंच. सर्व्हर पीएचपी चालवून फक्त निकाल पाठवतो, त्यामुळे ग्राहकाला सोर्स दिसत नाही. पण एडिटरने मागे ठेवलेली बॅक (.bak) किंवा टिल्ड (~) अशा शेपटीची प्रत सर्व्हर साधा मजकूर म्हणून वाढतो. गिटचं (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाचं) फोल्डर वेबरूटमध्ये राहिलं तर अख्खा इतिहास बाहेर जातो. २००७ च्या ऑगस्टमध्ये फेसबुकच्या मुख्य पानाचा पीएचपी कोड एका सर्व्हरच्या चुकीच्या मांडणीमुळे लोकांना दिसला होता. तो कुणाला फोडावा लागला नव्हता.

ज्यांना पीएचपी दुसऱ्याच्या सर्व्हरवर द्यायचंय त्यांच्यासाठी आयनक्यूब आणि सोर्सगार्डियन ही कोड न वाचता येणाऱ्या रूपात नेणारी साधनं आहेत. त्यांचा लोडर सर्व्हरवर बसवावा लागतो, आणि पीएचपीची आवृत्ती बदलली की तो लोडर येईपर्यंत ग्राहक अडकून बसतो.

अनुस्वार

रच्याकने, गूगल ॲप्स स्क्रिप्ट वापरणाऱ्यांसाठी : शीटला जोडलेली स्क्रिप्ट शीटची प्रत काढली की प्रतीबरोबर जाते. नुसती बघायची परवानगी असलेला माणूसही, प्रत काढायला बंदी नसेल तर, प्रत काढून कोड वाचू शकतो. लायब्ररी केली तरी वापरणाऱ्याला ती बघायची परवानगी द्यावीच लागते. कोड द्यायचा नसेल तर वेब ॲप म्हणून डिप्लॉय करा, 'माझ्या नावाने चालव' हा पर्याय निवडून. मग बाकीच्यांच्या हातात फक्त पत्ता जातो.

चकवाचांदण

आणि विंडोजवाल्यांसाठी : पीएस-टू-ईएक्सईने पॉवरशेलची ईएक्सई केली तरी त्याच ईएक्सईला एक्स्ट्रॅक्ट हा पर्याय देऊन स्क्रिप्ट बाहेर काढता येते. साधनाच्या माहितीतच तसं लिहिलंय, आणि त्यात पासवर्ड ठेवू नका असंही बजावलंय. शिवाय स्क्रिप्ट ब्लॉक लॉगिंग चालू असेल तर पॉवरशेल जे चालवतं ते ४१०४ क्रमांकाच्या इव्हेंटमध्ये उलगडलेल्या रूपात नोंदवून ठेवतं.

औदुंबर
*सैद्धांतिक बाजू*

रातराणींनी ड्रॉपबॉक्सचं उदाहरण दिलं, त्यावरून कुणाला वाटेल की अजून हुशार साधन आलं की जमेल. म्हणून हे लिहितो.

ऑगस्ट केर्कहॉफ्सने १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनाबद्दल लिहिताना एक तत्त्व मांडलं : सगळी यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, सुरक्षितता फक्त किल्लीवर अवलंबून असावी. आपल्या प्रश्नात नेमकी अडचण ही की यंत्रणा आणि किल्ली दोन्ही आपण एकाच पाकिटात घालून समोरच्याला देतो.

किल्ली न देता निव्वळ कोडच असा करता येईल का, की तो चालवून जे कळतं त्यापलीकडे काहीच कळू नये? २००१ मध्ये संगणकशास्त्रज्ञ बराक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं की सगळ्या प्रोग्रामना लागू पडेल असं साधन असूच शकत नाही. त्यांनी असे प्रोग्राम रचून दाखवले की ज्यांचा कोणत्याही रूपातला कोड हाती आला तर गुपित फुटतंच. यापेक्षा सौम्य व्याख्या घेतली तर मात्र वाट आहे. २०१३ मध्ये त्या दिशेने पहिली रचना सुचवली गेली, आणि २०२० मध्ये जैन, लिन आणि सहाय यांनी ती भक्कम गृहीतकांवर उभी करून दाखवली. गणित म्हणून ते फार सुंदर काम आहे. पण त्याने आपली स्क्रिप्ट झाकायची म्हटली तर लागणारा वेळ आणि आकार व्यवहाराच्या पार पलीकडचा आहे.

कोरा कागद
*घेणाऱ्याच्या बाजूने*

आतापर्यंत सगळे देणाऱ्याच्या बाजूने बोलले. मी घेणाऱ्याच्या बाजूला आहे. सर्व्हरवर काय बसवायचं ते ठरवणं माझं काम.

कुणी न वाचता येणारी स्क्रिप्ट आणून 'ही रूटने चालवा' म्हणालं तर मी नाही म्हणते. यात अविश्वास नाही, पण त्या सर्व्हरवरच्या डेटाला मी जबाबदार आहे. बेस-६४ आणि इव्हॅल, स्वतःला डिक्रिप्ट करणारी बायनरी, हीच तंत्रं मालवेअर वापरतो, आणि अँटिव्हायरसही अशा फाइलींवर भुंकतो. तुमची स्वच्छ स्क्रिप्ट क्वारंटाइनमध्ये जाऊन पडली तर रात्रीचा बॅकअप होणार नाही आणि सकाळी उत्तर मला द्यावं लागेल.

दुसरी गोष्ट, तुम्ही उद्या उपलब्ध नसलात तर? मोठ्या करारांत सोर्स कोड एस्क्रोची सोय असते : कोड तिऱ्हाइताकडे राहतो आणि ठरलेल्या परिस्थितीतच ग्राहकाला मिळतो. छोट्या कामात तेवढं शक्य नसेल, पण या प्रश्नाला काहीतरी उत्तर तुमच्याकडे हवं.

पारवा, मला वाचता येणारी स्क्रिप्ट आणि सोबत स्पष्ट परवाना दिलात तर मी तो परवाना पाळते. माझ्यासारखे बरेच जण पाळतात. न वाचता येणारी दिलीत तर आपलं बोलणं कराराआधीच थांबतं.

सांजवात

कायद्याची बाजू राहिलीच होती. कॉपीराइटसाठी कोड लपवावा लागत नाही. बौद्धिक संपदेचा ट्रिप्स करार १९९५ पासून लागू आहे आणि त्याच्या १०व्या कलमानुसार संगणक प्रोग्राम, सोर्स असो की ऑब्जेक्ट कोड, साहित्यकृती म्हणून संरक्षित आहेत. कॉपीराइटच्या बर्न करारामुळे त्यासाठी नोंदणीची अटही घालता येत नाही, लिहिल्याक्षणी हक्क निर्माण होतो. पण ९व्या कलमात हेही आहे की कल्पना, पद्धती, कार्यरीती यांना हे संरक्षण नाही. म्हणजे पारवा यांचा कोड उचलणं बेकायदा, पण त्यातले नियम समजून घेऊन कुणी स्वतः नव्याने लिहिलं तर कॉपीराइट आड येत नाही. तिथे करारातलं गोपनीयतेचं कलमच उपयोगी पडतं.

पर्ल भाषेच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत हा प्रश्न फार जुना आहे. तिथलं उत्तरही वळून वळून इथेच येतं की कायदेशीर हमी फक्त कडक परवान्याने मिळते.

लपवणाऱ्यांनी आणखी एक बघावं. तुमच्या प्रोग्राममध्ये जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याचा कोड असेल आणि तुम्ही तो दुसऱ्याला देत असाल, तर सोर्स देणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि तोही ज्या रूपात बदल करणं सोयीचं जातं त्या रूपात. ऑबफस्केट करून दिलेला चालत नाही. आधी आपण कुणाचं काय वापरलंय ते तपासा.

शून्यावकाश

सांजवात यांच्या प्रतिसादाला जोडून : प्रत्येक ग्राहकाच्या प्रतीत थोडा फरक ठेवा. एखाद्या एरर मेसेजची शब्दरचना, न वापरल्या जाणाऱ्या स्थिरांकाची किंमत, लॉगमधल्या ओळींचा क्रम. कोड कुठे सापडला तर कुणाकडून गेला ते कळतं. हे मात्र करारात लिहा, चोरून नको.

बोरूबहाद्दर

किल्ल्या आणि पासवर्ड यांबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही, आणि माझ्या मते स्क्रिप्ट लपवू पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरं तर तेच लपवायचं असतं. त्यांनी स्क्रिप्ट उघडी ठेवावी आणि पासवर्ड बाहेर काढावा. ६०० परवानगीच्या (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणाऱ्या) वेगळ्या फाइलमध्ये, किंवा सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) क्रेडेन्शियलमध्ये, किंवा व्हॉल्टसारख्या गुपितं सांभाळणाऱ्या ठिकाणी. एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल त्याच वापरकर्त्याला आणि रूटला प्रॉकमधून दिसतात, हे लक्षात ठेवा. बॅकअप घेणाऱ्या खात्याला डेटाबेसमध्ये फक्त वाचायचा हक्क द्या, म्हणजे पासवर्ड फुटलाच तरी कुणी डेटा पुसू शकणार नाही. आणि किल्ली एकदा गिटमध्ये गेली की पुढच्या कमिटमध्ये काढून काही होत नाही, इतिहासात ती राहतेच. ती रद्द करून नवी घ्यायची.

पारवा

सगळ्यांचे मनापासून आभार. कोरा कागद यांचा प्रतिसाद वाचून विचारच बदलला. आता असं ठरवतोय : बॅशचा सगळा भाग उघडा द्यायचा, टिप्पण्यांसकट, परवाना आणि हॅशसह. ताडून बघायचे नियम क्वेरीतून काढून माझ्या सर्व्हरवर न्यायचे. ग्राहकाकडे एक छोटी स्क्रिप्ट, ती नोंदी पाठवेल आणि निकाल घेईल.

प्रश्न उरतो तो दुसऱ्या एका संभाव्य ग्राहकाचा. त्यांच्या नेटवर्कमधून बाहेर काहीच जात नाही, आणि नोंदी बाहेर पाठवायला त्यांची सक्त मनाई आहे.

रातराणी

मनाई असेल तर त्यांच्याकडेच बसवावं लागेल, दुसरा मार्ग नाही. मग फक्त नियमांचं मॉड्यूल सायथनने कंपाइल करा. बाकी सगळं, म्हणजे फाइल वाचणं, डेटाबेसशी बोलणं, अहवाल बनवणं, उघडं ठेवा. काय आत जातं आणि काय बाहेर येतं हे त्यांच्या माणसांना दिसलं की त्यांचीही बरीचशी शंका मिटते.

लायसन्स फाइल करायची असेल तर ती डिजिटल सहीची करा, उदाहरणार्थ ईडी-२५५१९ या पद्धतीची. खाजगी किल्ली तुमच्याकडे, मॉड्यूलमध्ये फक्त सार्वजनिक किल्ली. फाइलमध्ये ग्राहकाचं नाव आणि मुदत. तपासणीचा तुकडा कुणी कापून काढू शकतो, पण दुसऱ्याच्या नावाची खोटी फाइल कुणालाही बनवता येणार नाही.

कोरा कागद

रातराणी यांना अनुमोदन. यात एक विनंती : मुदत संपायच्या बऱ्याच आधीपासून रोजच्या लॉगमध्ये स्पष्ट सूचना येऊ द्या, आणि मुदत संपली तरी चालू असलेलं काम मधेच तोडू नका. हाती घेतलेली फाइल पूर्ण होऊ द्या, नवी घेऊ नका. बॅकअपच्या स्क्रिप्टला तर या लायसन्सशी अजिबात बांधू नका, तो भाग कायम चालू राहील असं करारातच लिहून द्या. आमच्याकडे मंजुरीच्या वेळी मी हे सगळ्यात आधी बघते.

पारवा

लिहून देतो. मसुदा तयार झाला की त्यातली तांत्रिक कलमं याच धाग्यावर टाकेन.